पाचातला च

आई, तुझ्या तोंडातला तो चार दातांचा पूल आज मी पुन्हा डबीतून काढून भिंगाखाली ठेवला. झाकणावर मोर असलेली तुझी ती स्टीलची कुंकवाची डबी. अप्पांनी ती इतकी वर्षं देवाच्या फळीवर मागे सारून ठेवली होती. मी ती कामावर आणून टेबलाच्या खणात ठेवली आहे, हे त्यांना ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही. जेवायची सुट्टी आहे, बाकीचे खाली गेले आहेत. भट्टीत कुणाचेतरी पुढचे दात भाजत आहेत आणि खिडकीतून नजरबादच्या कचेऱ्यांसमोरची गर्दी दिसते आहे. तुला हे टेबल दाखवायचं फार मनात होतं. मी दात बनवतो, आई. तुटका दात घासून लहान केला की त्यावर चढवायची टोपी, किंवा मधला दातच गेला असेल तर दोन्हीकडच्या दातांच्या आधाराने टांगायचा पूल. तोंडात बसवतात ते डॉक्टर, पण बनतं ते इथे, आमच्या हातांनी. आणि मी या कामात एकाच गोष्टीसाठी आलो, हे कुणाला सांगितलेलं नाही. तुझा पूल कुठे चुकला होता ते मला शोधून काढायचं होतं. जमलं तर तो पुन्हा नीट करायचा होता, तू नसताना का होईना. गेल्या काही दिवसांत मला कळून चुकलं आहे, की त्यात नीट करण्यासारखं काही नव्हतंच. ते तुला सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे.

तू पडलीस तेव्हा मी पाचवीत असेन. मागच्या मोरीत नळाला पाणी आलेलं आहे, तू भरलेला हंडा उचलतेस, शेवाळावरून पाय सरकतो आणि हंड्याचा काठ तुझ्या तोंडावर येतो. आवाज झाला तो हंड्याचाच, तुझा नाही. तोंडाशी पदर धरून तू उठलीस आणि आधी नळ बंद केलास. वरचे पुढचे दोन दात गेले. बरेच दिवस तू पदराआडून बोललीस. मग अप्पांनी तुला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेऊन पूल करून घेतला. त्यासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासून खुंटासारखे करावे लागले, ते तुला फार लागलं होतं. "दोन मेले म्हणून आणखी दोन मारले," असं तू म्हणालीस. पण पूल बसल्यावर आरशात बघून हसलीस, तोंडावर हात न ठेवता. "बघ रे, माझ्या तोंडात पूल बांधलाय. कोण जाणार आता यावरून?" मी म्हणालो, बस जाईल. "कुठली?" नंजनगूडची, मी म्हणालो. "मग मला तोंड मोठं उघडावं लागेल," तू म्हणालीस आणि उघडून दाखवलंस. तुझा पूल मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितला. दात थोडे जास्त पांढरे होते. बाकी काम चांगलं होतं. हे आता मी कारागीर म्हणून लिहितो आहे.

पूल नवा असताना जिभेला तिची जागा सापडत नाही. हे मी आता रोज ऐकतो. पहिले काही दिवस स म्हणताना शीळ वाजते, फ म्हणताना ओठ अडखळतो, मग जीभ आपोआप शिकते. तुझीही शिकली. पण तोवर आपल्या घराने एक गोष्ट पकडली होती. आपल्या घरात सगळेच पाच म्हणताना चहातला च लावतात, कानडीत असतो तसा, जीभ टाळ्याला टेकवून. आत्या, अप्पा, मी, गल्लीतले आपले लोक, सगळेच. तू मिरजेहून आलेली. तू म्हणायचीस तेव्हा जीभ पुढच्या दातांमागे यायची आणि पात्स असं काहीतरी ऐकू यायचं. असं लिहायला माझा हात धजत नाही, हे शुद्धलेखन नव्हे, पण कागदावर दाखवायला माझ्यापाशी दुसरी खूण नाही. पात्स, त्सूल, त्समत्सा. आम्हाला वाटलं, हवा जाते. पुलातून हवा जाते.

आत्या स्वयंपाकघरात अवरेच्या शेंगा सोलत बसलेली आहे. तू फोडणी धरून उभी आहेस आणि मागे न बघता हात लांब करतेस. "ताई, चमचा द्या."

"त्समत्सा!" आत्या म्हणते. "अय्यो, कुकरची शिट्टी बरी ग हिच्यापेक्षा. त्या डॉक्टरला विचार, भोक कशाला ठेवलं म्हणून."

अप्पा बाहेरच्या खोलीतून म्हणतात, "पूल बांधला तरी हिची गाडी त्स त्स करतच जाते."

"पूल तुम्ही बांधलात," तू म्हणतेस. "टोल तुम्हीच भरा."

सगळे हसतात. तूही हसतेस, फक्त हात पुन्हा तोंडाशी जातो. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, आई. असतं तर तू भांडली असतीस. तुला भांडता चांगलं यायचं. पण हसणाऱ्या माणसांशी काय भांडायचं?

मग तू त्या डॉक्टरांकडे पुन्हा जायला लागलीस. मला बरोबर न्यायचीस, कारण तुझं कानडी तेव्हा कच्चं होतं आणि मी तुझा दुभाष्या. डॉक्टर तुला आधी कानडीत पंचावन्न म्हणायला लावायचे. "ऐवत्तैदु अन्नि." मग म्हणायचे, "सोसले अन्नि." सोसले म्हणजे नरसीपुराकडचं ते मठाचं गाव. त्या नावात लागोपाठ दोन स येतात, म्हणून ते सगळ्या पेशंटांना तेच म्हणायला लावत असावेत. तू म्हणालीस, सोसले. शीळ नाही, फुसफुस नाही, एकदम स्वच्छ. "सरियागिदे, अम्मा," ते म्हणाले. बरोबर आहे. त्यांनी हातमोजे काढायला घेतले, तेव्हा तू मला म्हणालीस, "त्यांना सांग, घरी चुकतं." मी सांगितलं. घरी काय चुकतं ते इथे म्हणून दाखवा, असं ते म्हणाले. तू पाच म्हणालीस. ते कानडी माणूस, त्यांच्या कानाला तो आवाज कुठून माहीत असणार? त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "हां. स्वल्प गाळी." थोडी हवा जाते. आणि खुर्ची मागे केली. निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावायचं, जिथे उंच लागतं तिथे निळा डाग उठतो, तो डाग चाकाने घासायचा आणि पुन्हा चावायला लावायचं, ही आमच्या कामातली नेहमीची रीत आहे. तुझ्या पुलावर डाग उठलाच नव्हता. त्यांनी तरीही दातांच्या मागच्या बाजूने, जिथे जीभ लागते तिथे, चाक फिरवलं. जळक्या नखासारखा वास आला. तू खुर्चीचा हात घट्ट धरून छताकडे बघत होतीस.

परत येताना बसमध्ये तू मला विचारलंस, "सोसले म्हणजे काय, माहितेय?" मी म्हणालो, गाव. "ते त्यांच्यात. आपल्यात दुसरंच." आणि खिडकीकडे तोंड करून इतकी हसलीस की पुढच्या बाईने वळून बघितलं. मला तो विनोद कळला नाही. माझं मराठी तेवढं नव्हतं. तेव्हा तू मला घरी मराठी लिहायला शिकवत होतीस, कारण शाळा कानडी. दरवर्षी मामा मिरजेहून दिनदर्शिका पाठवायचा, तिच्या मागच्या पानांवरच्या पाककृती तू वाचायचीस आणि मी लिहायचो. चिंच, चुरा, चाळणी, पाच चमचे. मला कानावर विश्वास ठेवता यायचा नाही. तुझा एक च मला च ऐकू यायचा आणि दुसरा वेगळाच काही. मी पेन्सिल वर धरून विचारायचो, हा कुठला च? तू म्हणायचीस, "तू लिही. लिहिताना एकच असतो." मला वाटायचं, तू पुलाची बाजू सावरून घेते आहेस. तेव्हापासून मी शब्द ऐकून लिहीत नाही, डोळ्यांनी पाठ करून लिहितो. दहावीनंतर शाळा सुटली, पण मराठीत माझी वेलांटी चुकत नाही. ती सवय तुझ्या पुलाने लावली.

पुढची दोन वर्षं तू अधूनमधून जात राहिलीस. प्रत्येक वेळी थोडं घासणं, घरी येऊन पाच म्हणून बघणं, आत्याने मान हलवणं. आज भिंगाखाली बघितलं तर मागच्या बाजूला पोर्सेलिन उरलेलंच नाही, धातू उघडा पडला आहे, आणि त्यावर चाकाच्या रेघा एकमेकींवरून गेल्या आहेत. समोरून दात अजून सुंदर दिसतात. संक्रांतीला तो निघाला. दारात हळदीकुंकवाला आलेल्या बायका, सगळ्यांच्या हातात एळ्ळू-बेल्ला, तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे, आणि ज्या सणाला लोक एकमेकांना गोड बोलायला सांगतात त्याच सणाला गुळाच्या खड्याबरोबर तुझा पूल तुझ्या हातात आला. तू तो धुतलास आणि कुंकवाची डबी रिकामी करून तिच्यात ठेवलास. डॉक्टरांनी अर्ध्या तासात पुन्हा चिकटवला असता. अप्पा म्हणाले, "चल, आत्ताच जाऊन येऊ." तू म्हणालीस, "बेड." नको. कानडीत म्हणालीस. त्या दिवसापासून तू घरात कानडीच बोललीस, मोडकं, नंतर बरं, नंतर चांगलं. कानडीत तो आवाज नाही, त्यामुळे कुणी काही म्हणायचं कारण उरलं नाही. आत्या शेजारणींना कौतुकाने सांगायची की वहिनी आता अगदी इथली झाली. दिनदर्शिकेच्या पानांवरून लिहिणं त्यानंतर झालंच नाही.

मग तुझा तो ताप, दवाखाना, आणि मी आठवीत. तुला घरी आणलं तेव्हा तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालायच्या वेळी आत्या हळूच म्हणाली, "दात घाल रे तिचे. असं बरं दिसत नाही." अप्पांनी डबी आणली. त्यांचे हात चांगले होते, घड्याळं दुरुस्त करायचे, पण सिमेंटशिवाय पूल खुंटांवर कसा राहणार? त्यांनी बसवला, तो ओठावर आला. पुन्हा बसवला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा ते करायला लागले तेव्हा कुणीतरी त्यांचा हात धरला. मी तिथे तुझ्या डोक्याशी उभा होतो आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली, की हा पूल नीट बनवलेला नव्हता, म्हणून हे सगळं झालं. एवढ्या एका गोष्टीवर मी आजवर चाललो, आई. शाळा सुटल्यावर या कामाला लागलो, आधी प्लास्टरचे साचे ओतले, मग मेण, मग धातू, मग पोर्सेलिनचे थर. आता बरंचसं काम मशीन कापून देतं आणि आम्ही रंग देतो. तेही बंद होईल असं म्हणतात. पण पुढच्या दातांची मागची बाजू कशी असावी, जिभेला किती जागा लागते, हे मी जीव लावून शिकलो. कशासाठी, ते तुला आता कळलं असेल.

पावसाळ्यानंतर इथे एक पुण्याचे डॉक्टर आले आहेत. बायकोची बदली झाली म्हणून आले, आमच्याकडेच काम देतात. माझ्या आडनावावरून त्यांना कळलं. "अरे, तू मराठी? मग सांगायचं नाही का! मी इतके दिवस हातवारे करतोय." परवा ते स्वतः एक साचा घेऊन आले आणि म्हणाले, "आज पाच वाजेपर्यंत होईल का?"

माझ्या हातातला ब्रश खाली पडला. ते म्हणाले होते पात्स. तंतोतंत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काय बघतोयस?"

"सर, रागावू नका. तुमचे पुढचे दात बसवलेले आहेत?"

"नाही रे. सगळे आईबापांनी दिलेले. का?"

"पाच म्हणताना तुमची हवा जाते."

ते इतके हसले की खुर्चीत बसले. "हवा? अरे बाबा, तो च आहे. चहातला वेगळा, चमच्यातला वेगळा. म्हण बघू, चहात चमचा." मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तुझे सगळेच चहातले झाले. तुम्हा लोकांचा तो दुसरा गेला वाटतं इकडे राहून." मग त्यांनी तोंड उघडून बोट आत दाखवलं, जीभ कुठे टेकते ते. दात एकदम शाबूत. मी हो सर म्हणालो आणि काम पाच वाजेपर्यंत करून दिलं.

घरी गेल्यावर मी अप्पांना सांगितलं. ते आता थकले आहेत, टीव्हीसमोर बसलेले असतात. त्यांची कवळी मीच बनवली आहे. मी म्हणालो, "अप्पा, आईचे दात बरोबर होते. ती बरोबर बोलायची."

"बोलायचीच की," ते म्हणाले. "लग्न ठरवायला गेलो, आत चहा करत होती. भावाला काहीतरी म्हणाली, त्स त्स. मला वाटलं, स्वयंपाकघरात चिमणी आलीय."

"लग्नाआधी? म्हणजे पडायच्या आधीपासून ती तशीच बोलायची?"

त्यांनी रिमोट हातात घेतला. टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं. "असेल," ते म्हणाले. "कोण लक्षात ठेवतो बाबा, मारायरे. सुम्ने, उगाच आता ते काढू नकोस." आणि आवाज वाढवला.

पण मला त्यांच्यापेक्षा तुझंच काहीतरी आठवत राहिलं. पूल निघायच्या आधीची गोष्ट असावी. मामाचा फोन आलेला आहे, तू जिन्याखाली उभी राहून बोलते आहेस, आणि मी तुझ्या पदराशी खेळतो आहे. मधेच तू त्याला म्हणालीस, "दादा, पाच म्हण." तो काहीतरी म्हणाला. "पुन्हा म्हण." मग तू डोळे मिटून ऐकत राहिलीस. त्याने काय झालं म्हणून विचारलं असणार, कारण तू म्हणालीस, "काही नाही रे. तुझे दात चांगले आहेत." मला तो खेळ वाटला होता. म्हणजे तुला माहीत होतं. तुला माहीत होतं की चूक पुलात नाही, आणि तुझ्यातही नाही. आणि त्यानंतरच्याच आठवड्यात तू माझा हात धरून पुन्हा डॉक्टरांकडे गेलीस, त्या खुर्चीत बसलीस, आणि छताकडे बघत राहिलीस. का गेलीस, आई? इथे राहायचं होतं म्हणून? जीभ बदलता येईना म्हणून दात तरी बदलून बघावेत असं वाटलं? की आपणच चुकत असू, असं तुला खरंच वाटायला लागलं होतं? मी हे किती वेळा फिरवून बघितलं. यातलं कुठलंही उत्तर आलं तरी पूल तोच राहतो, मागून घासलेला.

मी त्याचा साचा घेऊ शकतो. मागची झीज भरून काढू शकतो, पुन्हा भाजून चमक आणू शकतो, या भट्टीत, आज. हात शिकलेले आहेत. पण तो कुणाला बसवायचा? आणि तो बसला असता तरी त्याने काय झालं असतं? तो आधीही बसलाच होता. बसत नव्हतं ते आमच्या कानांना, आणि कान घासायचं चाक अजून कुणी काढलेलं नाही. आत्या गेली. अप्पांना ऐकू कमी येतं. मिरजेला मामा आहे, पण त्याची मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलतात. आपल्या घरात तो च तुझ्याबरोबर आला होता आणि तुझ्याबरोबरच गेला, आणि जाताना आम्ही त्याला आजार म्हणालो.

बाकीचे जिना चढून यायला लागले आहेत, त्यांचे आवाज येतात. भट्टी मघाशीच थंड झाली. हे तुला पाठवायचं म्हणजे काय, तर घरी तुझ्या फोटोसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं, दुसरा मार्ग नाही. म्हणून आत्ता कुणी नाही तोवर मी हळू आवाजात वाचून बघितलं. पहिल्याच ओळीतला चार निभावला, तो चहातलाच निघाला. त्याला लागूनच्या दातांचा या शब्दात अडखळलो, पुढे पाच आला. डॉक्टरांनी दाखवली तिथे जीभ ठेवली, आरशात बघितलं, पुन्हा म्हटलं. नुसती शीळ वाजली. माझे सगळे दात आपापल्या जागी आहेत, एकालाही कधी चाक लागलेलं नाही. तेव्हा हे मी वाचणार नाही. घडी करून डबीत ठेवतो, पुलाखाली. कागदावर तुझा च आणि माझा च सारखेच दिसतात, तू म्हणायचीस तसे, बघणाऱ्याला काही कळणार नाही. मला तो येत नाही, आई.